पुणे ते पाचगणी सायकलने: घाटात स्पीड झाका, कॅडन्स बघा

पुणे-वाई-पाचगणी हा सायकलवाल्यांचा जुना, मळलेला रस्ता. कुठला चहा बरा आणि कुठे रस्ता खोदून ठेवलाय हे सांगणारे शंभर जण भेटतील. यावेळी माझ्याकडे नवा सायकल कॉम्प्युटर, मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, स्पीड सेन्सर आणि डाव्या क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्याला, कॅडन्स सेन्सर असा सगळा लवाजमा होता. कॅडन्स म्हणजे पायडलचे मिनिटाला होणारे फेरे. जोडीदाराकडे हँडलबारला अडकवलेला मोबाइल आणि स्वस्तातला एक कॅडन्स सेन्सर, बस्स. एकाच रस्त्यावर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालवून बघता आले, म्हणून हा वृत्तांत निसर्गापेक्षा यंत्राच्या अंगाने जास्त जाणार आहे. निसर्ग पाचगणीला पोचल्यावर आपोआप दिसतो.

आधी घरची तयारी. सेन्सर जोडण्याचं काम निघायच्या पहाटे ग्रुपमध्ये उभं राहून करू नका. सेन्सर फिरता असेल तरच जागा असतो, त्यामुळे कॉम्प्युटरवर सेन्सर शोधायला लावलं की आजूबाजूच्या चार सायकलींचे सेन्सर यादीत येतात आणि दुसऱ्याच्या पायांचा कॅडन्स आपल्या स्क्रीनवर नाचायला लागतो. घरी, एकट्याने, क्रँक हाताने फिरवत जोडा. सेन्सरवर नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. सेन्सर कॉम्प्युटरशी दोन प्रकारे बिनतारी बोलतो, अँट प्लस आणि ब्लूटूथ. अँट प्लसवर एकच सेन्सर कितीही कॉम्प्युटर एकाच वेळी ऐकू शकतात, ब्लूटूथचं तसं नाही. ब्लूटूथवर मोबाइलने सेन्सर धरून ठेवला असेल तर बऱ्याचदा कॉम्प्युटरला तो सापडतच नाही, आणि आपण उगाच सेल बदलत बसतो. कॉम्प्युटरला अँट प्लस असेल तर त्यावरच जोडा.

कॅडन्स सेन्सर क्रँकच्या आतल्या बाजूला बसतो. क्रँक आणि चेनस्टे (पायडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) यांच्यामधल्या फटीत आधी बोट घालून बघा. काही सायकलींना तिथे जागाच नसते. रबरी पट्टा ताणून घट्ट बसवा आणि पायडल उलटं, सावकाश, पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना याची खात्री करा. मग बूट घालून सायकलवर बसून परत एकदा, कारण टाच आत वळण्याची सवय असलेल्यांचा सेन्सर टाचेने सरकतो. स्पीड सेन्सर पुढच्या हबला लावला तरी चालतो, पण घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवर चालवायच्या स्टँडवर, चालवणाऱ्यांनी मागेच लावावा, ट्रेनरवर पुढचं चाक फिरत नाही. पुढे डायनॅमो हब (दिव्यासाठी वीज करणारा) असणाऱ्यांनाही मागची जागाच सोयीची.

आता चाकाचा परीघ. चाकाचे फेरे गुणिले परीघ यावरून अंतर निघतं, म्हणून हा आकडा कॉम्प्युटरमध्ये भरायचा असतो. बरेच जण ही पायरी सोडून देतात. टायरच्या मापांच्या तक्त्यात ७००×२५ टायरला २१०५ मिलिमीटर आणि ७००×३२ला २१५५ असा आकडा मिळतो. तो कामचलाऊ आहे. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, पार्किंगमध्ये सपाट जागा शोधा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा आणि तिथे जमिनीवर खडूची रेघ मारा. सायकलवर बसा, म्हणजे तुमच्या वजनाने टायर जेवढा दबायचा तेवढा दबेल, आणि कुणाला तरी धरायला लावून सरळ रेषेत पाच फेरे पुढे जा. परत व्हॉल्व्ह खाली आला की दुसरी रेघ. माझ्या ३२च्या टायरला हे अंतर १०.७० मीटर भरलं, म्हणजे एका फेऱ्याला २१४० मिलिमीटर. तक्त्यापेक्षा १५ने कमी. कॉम्प्युटरमध्ये २१०५च राहिला असता तर ९० किलोमीटरच्या प्रवासात कॉम्प्युटरने दीड किलोमीटर कमी दाखवलं असतं. गार्मिनसारखे काही कॉम्प्युटर जीपीएसशी ताडून हा आकडा आपोआप काढतात. तेही चालतं, पण त्यासाठी आधी एक फेरी मोकळ्या आकाशाखाली, सरळ रस्त्यावर मारा.

पहाटे कात्रजच्या जुन्या घाटाने निघालो. नव्या बोगद्याच्या हायवेपेक्षा सायकलला हाच रस्ता बरा, चढ मवाळ आणि अवजड वाहनं कमी. वरच्या जुन्या बोगद्यात शिरताच जोडीदाराच्या मोबाइलवरचा वेग आधी गोठला, मग शून्यावर आला आणि ऑटो-पॉझ लागला, म्हणजे आपण थांबलो असं समजून नोंद आपोआप थांबली. बाहेर पडल्यावर जीपीएसने एकदम उडी मारून त्याला पलीकडे नेऊन ठेवलं. माझ्या स्क्रीनवर काहीच घडलं नाही. चाक फिरतंय तोवर स्पीड सेन्सरला आकाशाशी देणंघेणं नसतं. रस्त्याचा तुकडा छोटाच, पण स्पीड सेन्सर कशासाठी घ्यायचा हे कुणाला समजावून सांगायचं असेल तर इथे घेऊन या.

शिंदेवाडीला उतरलात की पुढे खेड शिवापूर, कापूरहोळ, सारोळा, नीरेचा पूल, शिरवळ असा सरळ हायवे. लिहिण्यासारखं फार नाही. जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे तो घ्या, आणि उजेड व्हायच्या आधी मागचा लाल दिवा चालू ठेवा. या पट्ट्यात एकच पथ्य पाळलं: मिनिटाला ८० ते ८५ फेरे, वेग जो येईल तो. मागून वारा असला की मोठा गिअर टाकून ६५ने रेटण्याचा मोह होतो. ती उधारी पसरणीत गुडघे वसूल करतात.

खंबाटकीला साताऱ्याकडे जाणारी वाहनं घाट चढतात आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून जातात. म्हणजे तुमच्याबरोबर चढणारे ट्रक असणार. ते तुमच्याइतकेच धापा टाकत असतात, पण वळणावर त्यांच्या आतल्या बाजूला कधीही जाऊ नका. उतार संपला की सुरूर फाट्याला हायवे सोडून वाईकडे वळा. इथून रस्त्याला झाडं सुरू होतात आणि माणसात आल्यासारखं वाटतं.

वाईत ढोल्या गणपतीपाशी घाटावर बसून दोघांनी आकडे जुळवले. माझा सरासरी कॅडन्स ७४, त्याचा ६१. जवळजवळ सारखेच गिअर आणि दिवसभर बरोबर चाललेलो असताना! कारण साधं निघालं. त्याचं ॲप उतारावर पाय थांबलेले असतानाचे शून्यही सरासरीत धरत होतं, माझ्याकडे ते वगळलेले होते. सेटिंगमध्ये हा पर्याय बघून घ्या आणि मगच कुणाच्या आकड्याशी तुलना करा.

वाई ते पाचगणी १२ किलोमीटरच्या आसपास, त्यात पसरणीचा घाट. सरासरी चढ पाचेक टक्के. भयंकर असं कुठेच काही नाही, फक्त संपत नाही. डोळ्यासमोर वेग दिसत राहिला की माणूस तो वाढवायला जातो, म्हणून इथे मी स्क्रीनचं वेगळं पान लावलं होतं: मोठ्या अक्षरात कॅडन्स, खाली उंची आणि वेळ. वेग नाहीच. त्यामागचं गणित असं. पुढच्या गिअरच्या चकतीला ३४ दात आणि मागच्या चकतीला ३२ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात माझी सायकल २.२७ मीटर पुढे जाते. ७० फेऱ्यांना ताशी साडेनऊ किलोमीटर. हाच वेग मागे २८ दात ठेवून ६१ फेऱ्यांनीही मिळतो, आणि पहिल्या दोन किलोमीटरला तोच सोपा वाटतो. पण मग प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लागतो आणि शेवटच्या टप्प्यात मांड्या संप पुकारतात. मी ठरवलं होतं, आकडा ६५च्या खाली गेला की गिअर हलका, ७८च्या वर गेला की जड. डोकं चालवायचंच नाही. चढाच्या टक्क्यावर मात्र विसंबू नका, तो वायुदाब आणि अंतर यांवरून निघतो आणि वळणावर थोडा मागून येतो. तीव्र वळण संपल्यावर स्क्रीन सांगते की वळण तीव्र होतं.

जोडीदाराचा मोबाइल या घाटात दर दोन वळणांनी ‘थांबलात का?’ असं विचारत होता. सात-आठच्या वेगात, डोंगराच्या आडोशाला जीपीएस गोंधळतं. स्पीड सेन्सर नसेल तर ऑटो-पॉझ वाईतच बंद करा.

मध्ये एका टपरीवर थांबलो. खाली धोमचं पाणी चमकत होतं. चहावाल्या काकांनी कॉम्प्युटरकडे वाकून बघितलं आणि विचारलं, "दादा, ह्यात पेट्रोल किती राहिलं ते दिसतं का?" जोडीदार म्हणाला, "दिसतं की काका. संपलंय. दोन भजी प्लेट द्या."

जवळ काय ठेवायचं? एक जादा सीआर२०३२ सेल आणि एक नाणं, बऱ्याच सेन्सरचं झाकण नाण्याने फिरतं. लहान मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप दिलेले सेल मिळतात, काही सेन्सरमध्ये त्या लेपामुळे संपर्क नीट होत नाही, तेव्हा घरीच लावून तपासा. झाकणाखालची रबरी रिंग हरवू देऊ नका, पावसाळ्यात सगळी भिस्त तिच्यावर. पाय चालू असताना कॅडन्स मधूनच शून्य दाखवायला लागला तर आधी सेल, मग पट्टा, आणि मगच सेन्सरला दोष.

पाचगणीत मुक्काम केला. महाबळेश्वर अजून २० किलोमीटरच्या आत आहे, चढही फार नाही, पण शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते तिच्यात सायकल चालवण्यात मजा नाही. सकाळी साडेसहाच्या आत निघणार असाल तरच जा.

परतीला सायकली टेम्पोत टाकल्या. रेकॉर्डिंग आधी बंद करा आणि राइड सेव्ह करा. जोडीदाराने केलं नाही. त्याच्या खात्यावर आता खंबाटकीच्या बोगद्यातून ताशी ६२ने, कॅडन्स शून्य ठेवून गेल्याची नोंद आहे, आणि ती काढायला तो तयार नाही.