मुठीमुठीचं धान्य

आज दिवसभर गावात वर्गणी मागत फिरलो. जिल्हा परिषदेच्या शाळेची पत्र्याची शेड गळते, पावसाळ्याआधी पत्रे बदलायचेत. आम्ही चौघं, एक पावतीपुस्तक आणि एक वही.

एका आजींनी लुगड्याच्या कनवटीची गाठ सोडली. घडी घालून घालून मऊ पडलेल्या दहाच्या पाच नोटा. "माझ्या नावानं नगं, नातीच्या नावानं पावती फाड," म्हणाल्या. दुसरीत आहे ती. पावती हातात घेऊन त्यांनी ती उलटसुलट बघितली आणि देव्हाऱ्यात ठेवली. माझे डोळे भरून आले.

परत येताना कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवत होता. 1919 साली कराडजवळच्या काले गावात त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली, ती अशाच गोरगरिबांच्या जिवावर. घरातल्या बाईनं रोज दळणातली मूठभर ज्वारी-बाजरी बाजूला काढायची आणि ते धान्य वसतिगृहातल्या पोरांच्या ताटात जायचं. एका मुठीनं घरात कुणी उपाशी राहत नाही, पण शंभर घरांच्या मुठींनी पोतं भरतं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर पोरांसाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

संध्याकाळी हिशेब देवळात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, पन्नास रुपयेवाल्यांचीही नावं घेऊन. एका सुतारकाकांनी पैसे नाहीत म्हणून तीन दिवसांचं काम लिहून दिलंय. अजून सहा पत्रे कमी पडतायत. उद्या वरच्या आळीला जायचंय.