साखर आहे का, माउली?

आमच्या घरात वारी चुकवायची नाही, हा आईचा नेम. वडील गेल्यावर ती स्वतः जायची. गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा तिने नेम मोडला नाही, फक्त माणूस बदलला. कधी थोरला, कधी मामा. यंदा मी, कारण यंदा घरात मोकळा मीच होतो.

मोकळा म्हणजे अर्धवट मोकळा. भोसरीतल्या ज्या कारखान्याच्या टूलरूममध्ये माझे केस पांढरे झाले, तिथली आमची लाइन बंद व्हायची होती. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करा, नाहीतर दुसऱ्या राज्यातल्या प्लँटला हजर व्हा. मुदत आषाढी झाल्यावर आठवड्याभराची. पोरगी बारावीला, फ्लॅटचे हप्ते चालू. अशा वेळी माणसाने घरी बसून हिशोब करावा की पंढरपूरला चालत जावं? बायकोचं मत पहिलं होतं, आईचं दुसरं. आईपुढे आमच्याकडे कुणाचं चालत नाही.

तर गळ्यात माळ नसलेला, हरिपाठ पुस्तकात बघून म्हणणारा मी, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या रथाच्या बऱ्याच मागे चालणाऱ्या एका दिंडीत दाखल झालो. प्रस्थानाच्या गर्दीत मला देऊळ दिसलंच नाही. पुण्याच्या मुक्कामात रात्री घरी जाऊन झोपलो. दिंडीतल्या म्हाताऱ्यांनी ते लक्षात ठेवलं आणि नीरेपर्यंत ऐकवलं. दिवे घाटाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, मला तिथे पुढच्या माणसाची पाठ दिसली. सासवड, जेजुरी, वाल्हे. जेजुरीचा भंडारा लोणंदपर्यंत कानातून निघत होता.

पहिले काही दिवस भक्तीपेक्षा चिडचिडच जास्त. पहाटे ट्रक हलवायचा म्हणून अंधारात राहुटी डोक्यावरून उपटतात. टँकरवर भांडणं. टेंपोतून बिस्किटांचे पुडे भिरकावणारे दाते आणि पोटभर जेवून निघालेली माणसं त्यामागे धावणारी. पुढाऱ्यांचे फ्लेक्स, त्यात विठ्ठल कोपऱ्यात. रविवारी कडक इस्त्रीच्या टोप्या घालून दोन फर्लांग चालणारे. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे फोन. चार्जिंगवाल्याला वीस रुपये द्यायचे, वायरींच्या गुंत्यातून आपला फोन हुडकायचा आणि टूलरूमच्या ग्रुपवर वाचायचं काय, तर "सही केली का?" "थांबा, रक्कम वाढवणारेत." "अफवा आहे." "कोणी सांगितलं?"

एक गोष्ट मात्र सुरुवातीच्या मुक्कामांपासूनच मनात बसली. समाज आरतीला सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. चोपदार दंड वर करतात आणि हजारो टाळ एकदम गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातात, काय झालं विचारतात, ऐकून घेतात. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारतात: घड्याळ, पिशवी, कुणाची तरी आजी. माउलींचे भक्त हैबतबाबा, त्यांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावून दिली म्हणतात. आमच्या कारखान्यात युनियन होती, एचआर होतं, भिंतीवर सूचनापेटी होती. टाळ वाजवत राहायची सोय कुणी केली नव्हती.

नीरेत स्नान झालं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व गेला तो मला लोकांच्या आरोळीवरूनच कळला.

फलटणच्या विमानतळावरच्या मुक्कामातून निघालो तेव्हा उजव्या टाचेत चुरचुरत होतं. बूट नवे होते, पोरीने हौसेने मागवलेले. विडणीला सगळे टेकले तेव्हा मोजा काढलाच नाही. एकदा काढला की परत चढायचा नाही हे समजत होतं. पिंप्रद मागे पडलं आणि टाचेची आग पोटरीत चढली. पाऊस मृगात एकदा तोंड दाखवून गेलेला. रस्ता चौपदरी झालाय, गुळगुळीत आहे, सावली तेवढी गेली. डांबर तापलेलं, वरून लाउडस्पीकर. शेजारचा टाळकरी म्हणाला, "नाव घ्या माउली, चालत राहा." मी मनात त्याला जे म्हणालो ते इथे लिहीत नाही.

शेवटी रस्ता सोडला आणि एका बाभळीखाली जाऊन बसलो. दिंडी पुढे गेली. आपली पताका लांब जाताना बघणं फार वाईट असतं.

तिथे आधीच एक मावशी बसलेल्या. साठी केव्हाच ओलांडलेली, हिरवं लुगडं, पुढ्यात खोबरेल तेलाची बाटली आणि दोऱ्याचं रीळ. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बुटाकडे.

"काढ ते."

"राहू द्या मावशी, निघतो मी थोड्या वेळात."

"काढ म्हनलं ना बाबा. पाय इकडं कर."

मोजा निघाला तो टाचेचा आकार घेऊनच. फोड लिंबाएवढा. मावशींनी सुई काढली, दोरा जिभेवर ओला केला आणि ओवायला लागल्या. दोरा नेढ्याच्या कधी डावीकडून जायचा, कधी उजवीकडून. डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. पोरगं दिवाळीनंतर ऑपरेशन करू म्हणतंय, असं त्याच बोलल्या.

मी सुई घेतली आणि ओवून दिली. माझं आयुष्य दोन-दोन मायक्रॉनसाठी भांडण्यात गेलंय, सुईचं नेढं म्हणजे माझ्या दृष्टीने दरवाजा. त्या म्हणाल्या, "हात चांगला हाय तुझा." मग फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने काढली, पाणी वाहून गेलं, कातडं शाबूत. मला वाटलं होतं ओरडेन. काहीच झालं नाही.

त्या जिंतूरकडच्या. पायाला तेल लावता लावता त्यांनी माझा फोन मागितला, त्यांचा बंद पडला होता. नंबर तोंडपाठ होता.

"पडला का? ... न्हाई? ... मग सोयाबीनचं काय? ... माना टाकल्या? समद्यानं?" बराच वेळ नुसतं ऐकलं. "बरं. ढोराला पानी दाखीव. ठेवते."

फोन माझ्या हातात दिला आणि माझा दुसरा पाय ओढला.

दोन एकर कोरडवाहू. पहिल्या पावसावर पेरून निघालेल्या. कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका. मी तसं बोललो. "ठाव हाय," त्या म्हणाल्या, "पर पेरणी उरकल्याबिगर वारीला निघता येत न्हाई आन् वारी काय पावसासाठी थांबत न्हाई." आता दुबार पेरणी. बी पुन्हा घ्यायचं, तेही उधारीवर. हे सगळं त्यांनी भाव विचारल्यासारखं सांगितलं. मग मी माझं सांगितलं: लाइन, कागद, मुदत. मला वाटलं, त्या आता काहीतरी म्हणतील, पांडुरंग बघून घेईल वगैरे. त्यांनी विचारलं, "सही केली तर पैसे एकदम का हप्त्यानं?"

मी सांगितलं, एकदम.

"मग भावाला सांगू नको."

तेवढ्यात एक म्हातारबुवा लंगडत येऊन बाभळीला टेकले. मावशींनी सुई माझ्याकडे सरकवली. "तू कर. मला दिसत न्हाई नीट." कुणा अनोळखी माणसाचा धुळीने भरलेला, भेगा पडलेला पाय मांडीवर घ्यायचा. मला किळस आली. घेतला. मग आणखी एक, मग दोघी सासू-सुना. टाच, चवडा, करंगळी. प्रत्येक फोडाचं तोंड वेगळ्या बाजूला. दीड-दोन तास ग्रुपवर काय चाललंय हे डोक्यातही आलं नाही. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मी बूट पिशवीत टाकून मावशींच्या जुन्या रबरी चपला घातल्या होत्या. त्यांच्याकडे दुसरा जोड होता. तो चांगला होता आणि तो त्यांनी स्वतःसाठी ठेवला.

बरडच्या मुक्कामाला पोचायला मला रात्र झाली. दिंडीत पिठलं संपलेलं.

त्यानंतर दुपारच्या विसाव्याला माझ्याकडे पाय यायला लागले. फिरत्या दवाखान्यातली एक डॉक्टर मुलगी बघत उभी राहिली आणि मग तिने मला सगळ्यांदेखत झापलं. दोरा आत ठेवायचा नाही, जंतू जातात. सुई एकाची दुसऱ्याला नाही. आणि मधुमेह असेल त्याच्या फोडाला हातच लावायचा नाही, त्याला तिच्याकडे पाठवायचं. त्या पायांना दुखलेलं कळत नाही, जखम चिघळते. रागावून झाल्यावर स्पिरिट, कापूस, पट्ट्या आणि सुयांचं एक पाकीट माझ्या हातात कोंबून गेली. तेव्हापासून मी पाय हातात घेण्याआधी विचारायचो, "साखर आहे का?" एका बाबांनी पिशवी चाचपून गुळाचा खडा काढून दिला.

नातेपुत्याला त्या जिंतूरच्या नंबरवरून फोन आला. मुलगा होता. बियाण्यासाठी शेळी विकू का, आईला विचारा म्हणाला, गिऱ्हाईक दारात आहे. लाखोंच्या गर्दीत आता मावशी शोधा! दिंडी क्रमांक तेवढा ठाऊक होता. राहुट्यांच्या दोऱ्यांत अडखळत, शिव्या घालत गेलो. शिव्या कुणाला ते माहीत नाही. टाचेला, मुलाला, थोडं विठ्ठलालाही. मावशी जागरात मागे बसल्या होत्या. निरोप ऐकला, टाळ खाली न ठेवता म्हणाल्या, "गाभण हाय ती. न्हाई विकायची. मामाकडून दोन बॅगा आण म्हनावं, त्याच्याकडं घरचं बी हाय." मी तिथल्या तिथे फोन लावला. मग भजन चाललं होतं म्हणून बसलो, आणि कशासाठी कोण जाणे, रडलो. शेजारच्याने तंबाखू पुढे केली.

सदाशिवनगरचं गोल रिंगण, माळशिरस, खुडूस हे दिवस आता एकमेकांत मिसळलेत. वेळापूरच्या धाव्याला सगळे पळतात तसा मीही त्या रबरी चपलांत पळालो. वाखरीला बाकीच्या संतांच्या पालख्या येऊन मिळाल्या आणि मावशींची दिंडी त्या गर्दीत गेली ती गेलीच. पंढरपुरात रांग बघूनच कळसाला हात जोडले.

परत आल्यावर सही केली. पैसे एकदम आले. हप्त्यांचा मोठा लचका फेडला. भावाला सांगितलं नाही, हे आईलाही माहीत नाही. भोसरीतच एक छोटा वर्कशॉपवाला तासावर डाय दुरुस्तीचं काम देतो म्हणतोय. दर पडका आहे आणि त्याची स्वतःची ऑर्डर डिसेंबरपर्यंतचीच. सध्या जातोय. जिंतूरला नंतर पाऊस झाला, दुसरी पेरणी उगवली. भाव काय मिळेल ते दिवाळीला कळेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन धर्मादाय दवाखान्यात कमी पैशांत होतं का याची चौकशी करून मी मुलाला कळवलंय. त्याने अजून उलट फोन केलेला नाही, या रविवारी मीच लावणार आहे.