चाक मागचं, नाव पुढचं

जानेवारीतली सकाळ. इंदूरच्या खंडवा रोडवरच्या माझ्या टायरच्या दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं आणि रामबागेतले काका इलेक्ट्रिक गाडी घेऊन दारात उभे. मागे काकू, सून, दोन नाती. ओंकारेश्वरला निघाले होते.

"अरे, या पुढच्या डाव्या चाकानं वात आणलाय. चार दिवसांत तीनदा हवा भरली, तरी स्क्रीनवर लालच. पंपावरचा मुलगा म्हणत होता भरपूर आहे, पण इथं कमी दिसतंय म्हणून मीच आणखी भरायला लावली. काल एकानं सांगितलं, चाकांतले हवा मोजणारे सेन्सर गेले, चारही बदला. तू ॲपवरनं रिसेट करून दे, म्हणजे आम्ही सुटलो."

आधी थंडीचा विचार आला. पाच-सहा अंशांनी तापमान उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयनं उतरते; हवेचा दाब याच मापात मोजतात. पण थंडी चारही चाकांना सारखीच लागते, एकट्या पुढच्या डाव्याला नाही. सेन्सर गेला म्हणावं तर त्यातली बॅटरी संपल्यावर तो गप्प होतो आणि आकड्याच्या जागी रेघ येते. इथं तर आकडा ठळक होता, 25.

हातातलं गेज लावलं. पुढचं डावं 44. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर चारही चाकांना 36 लिहिलेले. मग मागच्या डाव्याला लावलं, तर 25. स्क्रीनवर त्याच मागच्या चाकासमोर 44 दिसत होते. तिथं लाल नव्हतं, म्हणून कुणी पाहिलंच नव्हतं.

मी रजिस्टर काढलं. तीन आठवड्यांपूर्वीची नोंद होती, माझ्याच अक्षरात: पुढचे टायर मागे, मागचे पुढे. त्यापुढे काही नाही.

हा सेन्सर रिमच्या आत वॉल्वला जोडलेला असतो. 433 मेगाहर्ट्झवर तो हवेचा दाब, तापमान आणि स्वतःचा क्रमांक पाठवतो, एवढंच. आपण कुठल्या कोपऱ्यात आहोत, हे त्याला ठाऊक नसतं. कुठला क्रमांक कुठे, याची यादी गाडीकडे असते. काही गाड्या थोडं चालल्यावर ती यादी आपोआप सुधारून घेतात, ही घेत नाही. चाकं मी बदलली आणि यादी तशीच राहिली. मागच्या चाकात खिळा होता, नाव पुढच्याचं लागत होतं आणि काका बिचारे धडधाकट चाकात हवा भरत होते.

पाच माणसं, मागच्या एका चाकात 25, पुढे भेरूघाट. कमी हवेचा टायर वजनाखाली दुमडत राहतो, तापतो आणि फुटतो. बॅटरीमुळे ही गाडी मुळातच जड, त्यात स्टेपनी नाही, फक्त पंक्चरचं किट. माझ्या हाताला घाम फुटला.

"काका, सेन्सर चांगले आहेत. चूक माझी आहे," मी म्हणालो. काका काहीच बोलले नाहीत. काकूंनी नातींना खाली उतरवलं आणि बाकावर बसवलं.

जॅक नेमून दिलेल्या जागीच लावला, कारण खाली सगळी बॅटरी. टायर रिमवरून सोडवताना यंत्राचा पंजा वॉल्वपासून लांब ठेवला, नाहीतर सेन्सर तिथंच मोडला असता. खिळा काढला, आतून प्लग बसवला.

मग यादी. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं छोटं यंत्र, लावलं, ब्लूटूथनं फोनवरचं ॲप जोडलं, चार क्रमांक समोर आले. आता आठवणीवर विसंबायचं नव्हतं. चार चाकांत मुद्दाम वेगवेगळी हवा भरली, 30, 33, 36, 39, आणि खडूनं टायरवर आकडे लिहिले. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात, म्हणून काकांना शेजारी बसवून भंवरकुआँपर्यंत हळूच चक्कर मारली. डावीकडचे दोन्ही उलटे निघाले. उजवीकडचेही उलटेच होते, पण तिथली हवा सारखी असल्यामुळे इतके दिवस कळलं नव्हतं. ॲपमध्ये क्रमांक ज्याच्या त्याच्या जागी लिहिले, पुन्हा चक्कर मारली. खडू आणि स्क्रीन जुळले. टायर जरा कोमट झाले होते, म्हणून चारही 38 वर ठेवले. गार झाले की 36 च्या आसपास येतील.

काका पैसे काढायला लागले. मी घेतले नाहीत. "पुढच्या वेळी टायर फिरवलेस, तर मला समोर बसवून हे दाखवायचं," एवढंच ते म्हणाले.

दुपारी मोरटक्क्याहून त्यांचा फोन आला, घाट उतरल्याचा. तोवर मी रजिस्टरची मागची पानं उलटत होतो. अशाच गाडीच्या, अशाच अर्धवट, आणखी दोन नोंदी सापडल्या. दोघांनाही फोन लावला. एक गाडी परगावी होती. त्यांना म्हटलं, स्क्रीन सोडा, वाटेत कुठंही हातानं गेज लावून चारही चाकं बघा. दुसरी संध्याकाळी आली. तिचीही चारही नावं उलटी होती.