नऊ सेकंद

खेळ संपायला दोनेक मिनिटं उरली असतील, तेव्हा माझे पाय गार पडायला लागले. टेबलाखालचा हीटर बंद झाला होता. पण घड्याळावरून नजर हलवायची नाही ही सवय सांगलीपासूनची, त्यामुळे खाली वाकून बघितलं नाही. पोटापाण्यासाठी इलेक्ट्रिशियनचं काम करणाऱ्या माणसाला अचानक बंद पडलेल्या हीटरचा अर्थ कळू नये, याची लाज अजून जात नाही.

मेलबर्नमधल्या एका जुन्या क्लबात मी शनिवारी वेळाधिकारी असतो. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे इथल्या भाषेत नुसतं ‘फुटी’. आलो होतो मैदानावरचे दिवे दुरुस्त करायला. सेक्रेटरीनं सहज विचारलं, घड्याळ सांभाळशील का? कॉलेजात असताना मी खो-खोच्या जिल्हा स्पर्धांना वेळाधिकारी म्हणून बसायचो. नऊ मिनिटांचा डाव, मिनिटामिनिटाला शिट्टी. म्हटलं, घड्याळ काय, सगळीकडे सारखंच.

तसं नव्हतं. एएफएलमध्ये, म्हणजे फुटीच्या इथल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, पाव डाव, म्हणजे क्वार्टर, वीस मिनिटांचा म्हणतात. प्रत्यक्षात तो तीसच्या आसपास जातो. गोल झाला, की चेंडू मध्यावर परत येऊन पंच तो पुन्हा खेळात आणेपर्यंत घड्याळ बंद. पंचानं हात वर करून खूण केली, की बंद; पुन्हा खूण केली, की चालू. ही सगळी बेरीज-वजाबाकी वरच्या खोलीत बसलेले दोन वेळाधिकारी करतात, आमच्याकडे दोन्ही क्लबांचा एकेक. मैदानावरच्या छत्तीस खेळाडूंना किती वेळ उरलाय ते नेमकं ठाऊक नसतं. आम्ही भोंगा वाजवला की संपलं.

म्हणजे मला तसं वाटायचं.

त्या वर्षी आमचा क्लब फॉक्सटेल कपात होता. २०११ साली ही स्पर्धा निघाली आणि २०१४ नंतर बंद पडली. एएफएलचे मोठे क्लब तिच्यात नव्हते. व्हिक्टोरिया, दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया, टास्मानिया आणि वर उत्तर-पूर्वेकडच्या लीगमधले क्लब. पहिल्या वर्षी सोळा होते. हरलात की घरी. एरवी आपल्याच राज्यात दर शनिवारी त्याच त्याच पोरांशी भिडणारे हे क्लब पार देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खेळायचे, आणि तेही टीव्हीवर. स्पर्धा टीव्हीसाठीच काढली आहे, अशी कुरकुर आमच्या क्लबातली म्हातारी मंडळी करायची, आणि सामन्याच्या दिवशी तीच मंडळी इस्त्रीचा ब्लेझर घालून कॅमेऱ्याच्या वाटेत उभी राहायची.

पाहुणे पर्थकडचे होते, चार तासांचं विमान करून आलेले. त्यांच्या वेळाधिकारी सत्तरीच्या बाई होत्या. मनगटावरचं घड्याळ त्यांनी पर्थच्याच वेळेवर ठेवलं होतं, आमच्यापेक्षा दोन तास मागे. “हे घरचं,” म्हणाल्या, आणि गळ्यातलं स्टॉपवॉच दाखवून, “हे कामाचं.” टेबलावर त्यांनी लोकरीच्या सुया आणि अर्धवट विणलेला मफलर काढून ठेवला, पण सामना सुरू झाल्यावर त्याला हात लावला नाही. तिसरा माणूस टीव्हीवाल्यांचा, कानाला हेडफोन. त्यांच्या केबली खिडकीतून आत आल्या होत्या, म्हणून खिडकी लागत नव्हती, म्हणून तो हीटर.

सामन्याआधी मी भोंगा वाजवून बघितला होता. दणदणीत वाजला. साखर कारखान्याच्या भोंग्यासारखा तो पोटात वाजतो. पण तेव्हा कँटीन रिकामं होतं. ‘मीट पाय’ (आत खिमा भरून भाजलेली पेस्ट्री, इथे त्याशिवाय सामना होत नाही) गरम ठेवायचं कपाट, पाण्याचा बंब, तळणीची भांडी, सगळं नंतर सुरू झालं. शेवटच्या क्वार्टरमध्ये टीव्हीच्या पोरांनी वीस जणांच्या चिप्स सांगितल्या आणि कँटीनवाल्यानं दुसरी तळणी लावली. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी आमची खोली आणि कँटीन एकाच सर्किटवर जोडून ठेवलं होतं. फलक हातानं पाट्या बदलायचा, टीव्हीचा जनरेटर वेगळा. त्यामुळे वीज गेल्याचं कुणालाच कळलं नाही. कळलं फक्त माझ्या पायांना.

पाहुणे चार गुणांनी पुढे होते. गोलचे सहा गुण, त्यामुळे आम्हाला एक गोल पुरला असता. चेंडू आमच्या बाजूला, पण बाजूच्या रेषेला चिकटलेला. बाईंचं आणि माझं घड्याळ जुळत होतं. टीव्हीवाला पुटपुटत होता, चार, तीन, दोन. मी बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबून धरलं. खाली खेळ चालूच. नियम असा, की पंचाला भोंगा ऐकू येईल तेव्हा खेळ थांबतो. आणि पंच हात वर करून पोच देईपर्यंत वेळाधिकाऱ्यानं भोंगा सोडायचा नाही. आमच्या कामातल्या प्रत्येकाला २००६ चा लॉन्सेस्टनचा सामना पाठ असतो. फ्रीमँटल एका गुणानं पुढे, भोंगा वाजला, पण पंचाला ऐकू आला नाही, वेळाधिकाऱ्यांनी तो लवकर सोडला आणि सेंट किल्डानं तेवढ्यात एक गुण काढून बरोबरी केली. त्याच आठवड्यात एएफएलनं निकाल फिरवून फ्रीमँटलला विजय दिला. त्याआधी १९८० मध्ये, राज्याराज्यांतले क्लब घेऊन होणाऱ्या रात्रीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, वेव्हर्लीला, नॉर्थ मेलबर्नच्या केरी गुडनं शेवटच्या किकवर कॉलिंगवूडला हरवलं. त्यानं चेंडू झेलला तेव्हा भोंगा होऊन गेला होता की नाही, यावर कॉलिंगवूडवाले अजून भांडतात. पण या दोन्ही ठिकाणी भोंगा वाजला तरी होता. माझा वाजलाच नव्हता. न वाजलेल्या भोंग्यावर दाद कुणाकडे मागायची?

मी बटणाला चिकटून बसलो. उठल्या त्या बाई. मागच्या खणातून गॅसच्या डबीचा भोंगा काढला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि दाबला. थंडीनं डबी गारठली होती. आधी नुसती चिरकली, मग वाजली. पंचानं दोन्ही हात वर केले.

त्याच्या क्षणभर आधी आमच्या पोरानं चेंडू झेलला होता, पंचाची शिट्टीही झाली होती. झेल भोंग्याआधीचा, म्हणजे किक त्याची. चाळीसेक मीटर, थोडा कोन.

स्टॉपवॉच सांगत होतं, नऊ सेकंद जास्त. खो-खोत नऊ सेकंदांत दोन गडी बाद होतात. पर्थवाल्यांच्या बाकावरून सगळे वर आमच्या खिडकीकडे बघायला लागले. यजमानांचं मैदान, यजमानांचा भोंगा, यजमानांचा वेळाधिकारी. मीही त्यांच्या जागी असतो तर तेच समजलो असतो. बाईंकडे बघायचा धीर होईना. बारा वर्षं ज्या क्लबाचा चहा प्यालो, त्याच्या पोराचा नेम चुकावा म्हणून मी त्या वेळी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले.

किक उंच गेली, वाऱ्यानं उजवीकडे सरकली आणि मोठ्या खांबाच्या बाहेरून गेली. गोलपंच पुढे आला, एक बोट दाखवलं, एकच पांढरा झेंडा हलवला. एक गुण. तीन गुणांनी हरलो.

पाच मिनिटांनी पर्थवाल्यांचे मॅनेजर जिना चढून वर आले. जिंकले होते तरी लाल झालेले. बाईंनी त्यांना दारातच अडवलं. “त्याचा अंगठा बघ,” म्हणाल्या. मॅनेजरांनी खरंच बघितला. मग आमचे सेक्रेटरी आले आणि म्हणाले, निकाल लागलाय, कशाला कागदावर आणतोस? मी कागदावर आणलं. भोंगा वाजला नाही, नऊ सेकंद, हातभोंगा पाहुण्या वेळाधिकाऱ्यांनी वाजवला. खाली सही केली. बाईंनी माझं लिखाण दोनदा वाचलं, ‘नऊ’च्या पुढे कंसात आकड्यात ९ घातला आणि त्यांची सही केली. मग मफलर पिशवीत भरून म्हणाल्या, तो मीट पाय तरी गरम मिळतोय का बघ.

मिळाला नाही, कपाटही बंदच होतं. टॉर्च घेऊन मी कँटीनमागच्या डीबीपाशी, म्हणजे विजेच्या पेटीपाशी गेलो. तोवर अंधारून आलं होतं. सामना संपला की इथे लोक चेंडू घेऊन मैदानात उतरतात. बापलेक, शाळेतली पोरं, सगळीकडे किका चालू होत्या. ट्रिप झालेला एमसीबी, म्हणजे त्या सर्किटचा खटका, सापडला. मी तो वर केला.

वर खोलीतलं बटण तेवढ्या दाबादाबीत आत अडकून बसलं होतं. भोंगा सुरू झाला, पूर्ण ताकदीनं, थांबेचना. मैदानातली पोरं जागच्या जागी उभी राहिली. मध्यावरच्या सात-आठ वर्षांच्या एका पोरानं बगलेतला चेंडू खाली टाकला आणि माझ्या दिशेनं दोन्ही हात सरळ वर केले.

मी एमसीबी खाली केला.