पडका किल्ला, तोबी मुद्दाम बांधलेला

परवा केंब्रिजजवळ विम्पोलला गेलतो, तिथं हवेलीसमोरच्या टेकाडावर पडका बुरूज दिसला, मला वाटलं लढाई-बिढाई झाली असंल, तर कसलं काय! सँडरसन मिलर नावाच्या वास्तुकारानं 1749 ला डिझाइनच पडकं केलतं, हवेलीतनं बघताना सीन भारी दिसावा म्हणून, अन् बांधलं वीसेक वर्षांनी, बागा आखणाऱ्या कॅपॅबिलिटी ब्राउनच्या देखरेखीत. भिंत मधेच तुटल्यासारखी सोडलीय, अगदी हिशोबात. परांड्याला आबांना व्हिडिओ कॉल लावला. चष्मा सावरत म्हणले, "पैसे देऊन पडकं बांधलं? अरे आपल्या वाड्याचं माळवद दर पावसाळ्यात फुकटात पडतंय की!" वारं लई होतं, पुढचं नीट ऐकू आलं नाही, एवढंच कळलं की माळवदावर टाकायला पांढऱ्या मातीची ट्रॉली आलीय, पैसे पाठव.