लोड ८ झालाय, रीस्टार्ट मारू का?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचा बिलिंगचा सर्व्हर मी बघतो, लिनक्स आहे, ४ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरचा एकावेळी एक काम करणारा भाग), जुनाच पण चालतोय. हळदीचा सीझन चालू झाला की सौदे संपल्यावर सगळे एकदमच पट्ट्या करायला बसतात आणि मग दुकानातल्या पोराचा मेसेज ठरलेला, "दादा, लोड ८ झालाय, रीस्टार्ट मारू का?"

नको रे बाबा.

लोड म्हणजे चालू असलेली आणि थांबून राहिलेली कामं मिळून साधारण किती, तो आकडा. ८ म्हणजे जास्त का कमी हे कोअर किती आहेत त्यावर ठरतं. ४ कोअरवर ८ म्हणजे साधारण ४ कामं चालू आणि ४ रांगेत, तेच १६ कोअरवर ८ असेल तर अर्धं मशीन मोकळंच बसलंय. म्हणून लोड वाढला की मला मेसेज पाठवणारी जी स्क्रिप्ट केलीय, तिच्यात पहिली ओळ एनप्रॉकची (कोअर किती ते सांगणारी कमांड), अलर्टची लिमिट त्यावरनंच काढायची, ५ नायतर १० असा आकडा हातानं लिहून ठेवायचा नाय, उद्या मशीन बदललं की तो आकडा खोटा पडतो.

बरं, लोडचे आकडे ३ असतात, १ मिनिट, ५ मिनिट आणि १५ मिनिट. सांगलीकराला हे वेगळं शिकवायची गरज नाय, पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी बघतो तसंच ते. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका हे सगळ्यांना पाठ असतंय, पण नुसतं ४१ ऐकून कुणाचं भागत नाय, लगेच पुढचा प्रश्न, चढतंय का उतरतंय? इथंपण पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर चढतंय, उलटं असेल तर उतरतंय, जरा थांबा. आणि हे साधं ॲव्हरेज नसतं हां, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, साधारण दर ५ सेकंदाला मोजतं आणि जुन्या मोजणीचं वजन हळूहळू कमी करत जातं, त्यामुळं रिकाम्या मशीनवर एकच प्रोसेस मिनिटभर फुल्ल चालवली तर १ मिनिटाचा आकडा १ नाय, ०.६३ च्या आसपास दिसतो. तरी हाच आकडा सगळ्यात जास्त उड्या मारतो, त्याच्यावर अलर्ट लावला तर दिवसभर मोबाईल वाजत बसेल, मी ५ मिनिटवाला धरतो.

स्क्रिप्ट तशी बारकीच आहे. प्रॉक फोल्डरमधली (कर्नल स्वतःची माहिती तिथं दाखवतं) लोडॲव्हजी फाईल वाचायची, पहिले तीन आकडे घ्यायचे. स्क्रिप्ट बॅशमधे आहे, त्याला पॉइंटवाले आकडे कळत नाहीत म्हणून तुलना ऑक नावाच्या कमांडकडनं करून घ्यायची, आणि दर मिनिटाला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट सोडणारा. पण क्रॉनच्या ओळीत फ्लॉक (एकावेळी एकच चालू देणारं कुलूप) लावाच, कारण लोड चढल्यावर स्क्रिप्टच अडकते, मागनं क्रॉन दुसरी सोडतो, मग तिसरी, आणि लोड मोजणारेच लोड वाढवत बसतात. एकदा मेसेज गेला की अर्धा तास गप्प बसायचं, त्यासाठी एक रिकामी फाईल टच करून तिची वेळ बघायची, बास.

खरी गंमत रात्रीची. बॅकअप नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कच्या डब्यावर, जातो तेव्हा लोड ९ आणि सीपीयू मात्र ९५ टक्के रिकामा! हे कसं काय? तर लिनक्सच्या लोडमधे नुसत्या सीपीयूसाठी थांबलेल्या प्रोसेस नसतात, डी स्टेटमधल्यापण असतात, म्हणजे डिस्कची नायतर एनएफएसची (नेटवर्कवरनं फाईली वाचायची पद्धत) वाट बघत अडकलेल्या, ज्यांना किल नाईननं, म्हणजे जबरदस्तीनं बंद करूनपण, बऱ्याचदा काय होत नाय. हे १९९३ च्या एका पॅचपासनं असंच चालत आलंय. त्यामुळं नुसता आकडा पाठवणारी स्क्रिप्ट माझ्या मते निम्मं कामपण करत नाय. अलर्ट गेला त्याच क्षणी पीएस कमांडनं प्रोसेसची स्टेट, पीआयडी (तिचा नंबर), वेटिंग चॅनल (कर्नलमधे कुठं अडकलीय) आणि नाव एवढंच काढून लॉगमधे टाकायचं, डी वाल्या किती ते मोजून मेसेजमधे लिहायचं. डी शून्य असतील तर सीपीयू बघा, डी ६ असतील तर नॅसची वायर बघा, रीस्टार्टचा विषयच नाय. आणि कृपा करून त्या लॉगमधे डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) घालू नका, नॅस मेलेला असेल तर डीएफ स्वतःच डी स्टेटमधे जाऊन बसतं आणि लोडमधे अजून एकाची भर.

कर्नल ४.२० पासनं प्रॉकमधे प्रेशर म्हणून फोल्डर आलाय, सीपीयू, मेमरी आणि आयओ तिघांसाठी कामं किती वेळ अडून राहिली ते टक्क्यात वेगवेगळं सांगतो, लोडपेक्षा कितीतरी सरळ. पण या सर्व्हरवर अजून सेंटओएस ७ हे जुनं लिनक्स आहे, कर्नल ३.१०, तिथं तो फोल्डर नाय, आणि सेंटओएस ७ चा सपोर्टपण जून २०२४ मधे संपला. मालकांना सांगून ठेवलंय, सीझन संपला की अपग्रेड, तोवर स्क्रिप्टमधे इफ टाकलाय, फोल्डर असेल तर प्रेशर वाच, नसेल तर डी मोज.