तिर्गू जिऊचा खांब आणि इंदूरचं न झालेलं मंदिर

"त्या पक्ष्यांना ना चोच होती, ना पंख," आजी सांगायची. इंदूरच्या आमच्या जुन्या घरी दुपारची जेवणं उरकली, की होळकरांच्या गोष्टी निघायच्या. दुसऱ्या यशवंतराव महाराजांनी माणिकबाग राजवाड्यासाठी परदेशातून तीन पक्षी आणले होते, एक पितळेसारखा पिवळा, एक काळा, एक पांढरा. आजीने ते स्वतः पाहिले नव्हते, कुणाकडून तरी ऐकलं होतं. मग आम्ही पोरं विचारायचो, चोच नाही, पंख नाहीत, तर तो पक्षी कसा? तिच्याकडे उत्तर नसायचं. "राजाला दिसत असेल," एवढंच म्हणायची.

ते पक्षी घडवणाऱ्या माणसाच्या प्रांतात मी या सप्टेंबरात जाऊन आले. रोमानियाचा हा शिल्पकार, कॉन्स्तांतिन ब्रांकुसी असं आपण लिहितो, तिकडचे लोक 'ब्रंकूश' म्हणतात. बुखारेस्टहून आगगाडीने क्रायोव्हा. तिथल्या कला आणि हस्तव्यवसाय शाळेत तो सुतारकाम, लाकूडकाम शिकला. तिथे गाडी बदलून उत्तरेला तिर्गू जिऊ. जिऊ नदीकाठचं मध्यम आकाराचं गाव, मागे कार्पेथियन डोंगरांची निळी रेघ. बुखारेस्ट ते इथवर जेमतेम तीनशे किलोमीटर, पण गाडी रमतगमत जाते, त्यामुळे अख्खा दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या बागेत गेले. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, या गावाच्या रक्षणासाठी सैनिकांबरोबर गावकरीही लढले आणि मेले. त्यांच्या स्मारकाचं काम गोर्ज प्रांतातल्या स्त्रियांच्या संघटनेने ब्रांकुसीकडे दिलं, आणि त्याने मोबदला घेतला नाही. सगळं स्मारक एका सरळ रेषेत आहे. नदीजवळ एक गोल दगडी मेज, भोवती बारा बैठका. दोन अर्धगोल पाठीला पाठ लावून ठेवावेत तसा प्रत्येक बैठकीचा आकार, आपल्या डमरूसारखा. मेजाचं नाव 'मौनाचं मेज'. बैठका मेजापासून इतक्या लांब आहेत, की तिथे बसून ताटापर्यंत हात पोहोचणार नाही. हे लक्षात आलं आणि मी तिथेच उभी राहिले. जेवायला न आलेल्यांसाठी मांडलेली पंगत आहे ती.

तिथून दोन्ही बाजूंनी दगडी आसनं असलेली वाट 'चुंबनाच्या दारा'शी येते. दाराच्या खांबांवर मधोमध दुभागलेलं वर्तुळ कोरलंय, जवळ आलेल्या दोन चेहऱ्यांचे दोन डोळे. शनिवार होता. एक नवरी पांढरा घोळ सावरत दारातून आली, मागून फोटोग्राफर, मागून दोन्हीकडच्या आज्या. युद्धात मेलेल्यांच्या स्मारकात लग्नाचे फोटो काढताना कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि मलाही वाटलं नाही.

मग गावच सुरू होतं. वीरांचा रस्ता म्हणतात त्याला, दुकानं, चर्च, रेल्वेचे रूळ. सव्वा किलोमीटरच्या आसपास चाललं की पलीकडच्या माळावर तो दिसतो. अनंत स्तंभ.

उंची २९ मीटरहून जास्त. ओतीव लोखंडाचे मणी, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते, पोलादी कण्यात एकावर एक ओवलेले. पंधरा मणी पूर्ण आणि टोकाला अर्धा. त्या अर्ध्यामुळे नजर थांबतच नाही, उरलेला अर्धा आभाळात शोधत राहते. वर पितळी मुलामा आहे, त्यामुळे संध्याकाळी तो जळत्या समईच्या रंगाचा होतो. लहानपणी जेजुरीच्या दीपमाळा पाहिल्यात, मान तशीच मागे गेली. पण मनात राहिली ती वीरगळ. आपल्या वीरगळावर सगळं कोरलेलं असतं, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला नेताहेत, वर कैलास. इथे लढाई नाही, वीर नाही, नावही नाही. फक्त वर जाणं ठेवलंय.

याला शिल्प म्हणायचं का, हा प्रश्न कोर्टात विचारला गेलेला आहे. ऑक्टोबर १९२६ मध्ये ब्रांकुसीची शिल्पं बोटीने न्यूयॉर्कला पोहोचली. अमेरिकेत कलाकृतीवर जकात नव्हती. पण ब्राँझचा एक उंच, सडपातळ, चकाकता 'अवकाशातला पक्षी' जकात अधिकाऱ्यांनी स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याच्या सामानाच्या वर्गात घातला आणि ४० टक्के कर लावला. पक्षी विकत घेतलेला होता छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी. खटला उभा राहिला. त्याआधीच्या एका निकालात शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची प्रतिकृती असं धरलं होतं, म्हणून साक्षीदारांना तेच तेच विचारलं गेलं: हा पक्ष्यासारखा दिसतो का? दोन्ही बाजूंनी नावाजलेले शिल्पकार उभे राहिले. २६ नोव्हेंबर १९२८ ला निकाल लागला. नवी कला वस्तूची नक्कल न करता कल्पना मांडू पाहते, ती आपल्याला आवडो न आवडो, ती आहे हे मानलं पाहिजे, अशा अर्थाचं न्यायाधीशांनी लिहिलं. पक्षी करमुक्त झाला.

मला या निकालाबद्दल मनापासून आदर आहे. स्वतःची आवड बाजूला ठेवून दुसऱ्याच्या कलेला जागा देणं सोपं नाही.

पण त्या कोर्टात एक गोष्ट कुणी पाहिलेली नसणार, ती मला तिसऱ्या दिवशी होबित्सात दिसली. १८७६ साली ब्रांकुसी जन्मला ते हे खेडं, तिर्गू जिऊपासून तासाभराच्या आत. लाकडी बैठं घर, पुढे पडवी, आणि पडवीला कोरीव खांब. खांबावर एकाखाली एक फुगीर आणि निमुळते टप्पे. तो स्तंभच! माणसाच्या उंचीचा, छपराखाली अडकलेला. वाटेत बाकीच्या घरांनाही तसलेच खांब होते. कोणत्या सुताराने केले, कुणी लिहून ठेवलं नाही, आणि त्या सुताराला कुणी कलावंत म्हटलं नसेल. आपल्याकडे वाड्यांचे खांब, उंबरठे, देवघराच्या महिरपी करणाऱ्यांची नावं अशीच गेली. ब्रांकुसीने काय केलं, तर त्या खांबावरचं छप्पर काढून घेतलं. न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्याला जे अनोळखी वाटलं, ते या पडवीत म्हाताऱ्या बायका पाठ टेकवून रोज वापरत होत्या.

त्याच्या देशानेही त्याला सहज घेतलं नाही. १९५०च्या दशकात इथल्या कम्युनिस्ट सत्ताधाऱ्यांनी ट्रॅक्टर लावून स्तंभ ओढायचा प्रयत्न केला असं सांगतात. तो पडला नाही. २०२४ साली युनेस्कोने हे स्मारक जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आणि इंदूर? १९३७ च्या हिवाळ्याच्या तोंडावर हे मणी एकावर एक चढले, आणि त्याच हिवाळ्यात ब्रांकुसी बोटीने निघून इंदूरला आला. यशवंतरावांना त्याच्याकडून ध्यानमंदिर बांधून घ्यायचं होतं. आत पाणी, तीन पक्षी, वरून येणारा उजेड. कागलच्या घाटग्यांची लेक, महाराणी संयोगिताराजे, त्याच वर्षी गेल्या होत्या. मंदिर झालं नाही. ब्रांकुसी परत गेला. पुढे पक्षी विकले गेले, आणि माणिकबाग राजवाड्यात आज केंद्रीय अबकारी आणि वस्तू-सेवा कराचं कार्यालय आहे. स्तंभाखाली बसून हे सगळं आठवलं तेव्हा घसा दाटून आला. जगातली एक विलक्षण वास्तू माझ्या गावात, मराठी बोलणाऱ्या दरबारात, कागदावर येऊन थांबली.

अंधार पडेपर्यंत तिथेच होते. एक आजोबा नातवाला घेऊन आले. पोरगा खांबाला बोट दाखवत मणी मोजू लागला, नवाच्या पुढे गोंधळला, पुन्हा खालून सुरू केलं. आजोबांनी त्याला खांद्यावर घेतलं.

तीन पक्ष्यांपैकी पिवळा आता कॅलिफोर्नियात पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. काळा आणि पांढरा कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात, एकत्र. पैसे साठवायला लागलेय. आजीने नुसते ऐकलेले ते पक्षी मला समोर उभं राहून बघायचेत.